वरचं थोरलीला, खालचं धाकटीला

वैशाखाचं ऊन तापलं की धुळ्यातल्या आमच्या आळीतल्या बायकांच्या अंगात येतं. वर्षभर ज्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्या एकदम गळ्यात गळे घालून घराच्या धाब्यावर चढतात. खाटांवर जुनी लुगडी अंथरतात, कुरडया घालतात, बिबडे थापतात आणि खालून कोणी पाणी मागितलं तरी उतरत नाहीत. मलाही हाका मारतात. मी जात नाही. डोकं दुखतंय म्हणते. एकदा खरं सांगून टाकावं असं दरवर्षी वाटतं, की बायांनो, उन्हात वाळत घातलेलं, तोंडाला फडकं बांधून आंबत ठेवलेलं काहीही दिसलं की माझं पित्त खवळतं. पण मग का, कशाने, कधीपासून अशी चौकशी लागेल मागे. त्यापेक्षा डोकेदुखी बरी.

यंदा तर कहर झाला. शेजारची गंगू बाजारातून पळसाच्या पानावर भजी-मुरमुरे घेऊन आली. वर बोटभर लालभडक काहीतरी फासलेलं. म्हणाली, खा, तुझ्या माहेरचं आहे. तो भजीवाला ओरडून विकत होता म्हणे, जळगावचा अस्सल खार, जुन्या मुळाचा खार. मी पान तसंच तिच्या हातात परत ठेवलं. ती रागावली. माहेरची चीज अशी झिडकारणारी बाई तिने पाहिली नव्हती. तिला काय सांगू, की लढाई संपली, रेशन संपलं नाही, साखरेला आणि घासलेटला अजून रांगा आहेत, पण अस्सल जुन्या मुळाचा खार मात्र गल्लोगल्ली मिळतो. खऱ्याची टंचाई पडली की खोट्याला असा ऊत येतो.

खरा खार खाल्लेली माणसं आता थोडी उरली, म्हणून तो काय होता ते सांगावं लागतं. जवळा म्हणजे समुद्रातली नखाएवढी कोळंबी. ती वाळवून पोत्यांत भरून सुरतेकडच्या गाडीने खानदेशात यायची. फलाटावर पोती उतरली की वाणी-ब्राह्मण उतारू नाकाला उपरणं लावून पळायचे आणि हमाल हसायचे. आम्ही तापीकाठचे भोई. मासळीच्या वासाने पळणारी आमची जात नव्हे. माझी आजी हा जवळा निवडायची, धुवायची, ज्वारीच्या पेजेत मीठ आणि कुटलेली मिरची घालून त्यात कालवायची आणि जुन्या मडक्यात सोडायची. त्या मडक्यात आधीचा खार असायचाच. त्यालाच मूळ म्हणायचं. दुधाला जसं विरजण लागतं तसं खाराला मूळ लागतं. नवा जवळा मुळात पडला की काही दिवस उन्हात कुरकुरतो, बुडबुडे येतात, आणि मग एक दिवस असा आंबटखारट, जिभेच्या मुळाशी झोंबणारा वास सुटतो की पोट भरलेल्यालाही भूक लागावी.

मडक्याचा एकच नियम होता. ते ओतायचं नाही. लागेल तेवढं पळीने मधून काढायचं आणि तेवढंच वरून घालायचं. आजीच्या उभ्या आयुष्यात ते मडकं कधी रिकामं झालं नाही.

जळगावात कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर आमची बसायची जागा होती. कपाशीचा हंगाम असला की पहूरकडच्या बैलगाड्या पहाटेपासून लागलेल्या असायच्या. गाडीवान, जिनातले मजूर, केळी घेऊन आलेले असोद्याचे शेतकरी, सगळे आमच्या कढईभोवती. कळण्याच्या भाकरीचा चतकोर, वर फोडलेला कांदा, वर खार. नाहीतर गरम भजी, मूठभर मुरमुरे आणि वर खार. माणसं बोटं चाटायची, डोळे पुसायची, परत हात पुढे करायची. आणि हीच माणसं संध्याकाळी आमच्या गल्लीवरून जाताना म्हणायची, काय घाण वास येतो हो तुमच्याकडे. खाताना अमृत आणि जाताना घाण. लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. मला वाटतं, लाजही नसते.

आजी गेली त्या हिवाळ्यानंतरचा उन्हाळा मला विसरता येत नाही. विसरायचा पुष्कळ प्रयत्न करून झाला. त्या उन्हाळ्यात जळगावात सकाळी सकाळी प्रभातफेऱ्या निघायच्या. पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं मिठाची गाणी म्हणत जायची. सगळ्या देशाला मिठाची आठवण झाली होती. आमच्या घरात मिठावरूनच भांडण पेटलं होतं, पण ते मीठ मडक्यातलं होतं.

माझे आबा, म्हणजे मोठे काका, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, हे दोघं भाऊ गरीब गाईसारखे. आजी गेल्यावर वेगळं व्हायचं दोघांच्याही मनात नव्हतं. ते होतं त्यांच्या बायकांच्या मनात. मोठमाय, माझी काकू, म्हणजे तोंडाची पेटती शेगडी. माझी आई म्हणजे राखेखालचा निखारा. दिसत नाही, हात घातल्यावर कळतं. सासूच्या धाकाने इतकी वर्षं दोघी एका कढईत भजी तळत होत्या. धाक सरला आणि महिन्याभरात पंच बसवावे लागले.

समोरची खोली आबांना, मागची आम्हाला. शेळी त्यांना, मोठी कढई आम्हाला. इथवर सगळं सुरळीत झालं. मग मोठमाय उठली आणि आतून मडकं घेऊन आली, आणि पंचांच्या मध्ये ठेवलं. खाराचं काय, असं तिने विचारलं.

पंचांतला एक म्हातारा शहाणा होता. तो म्हणाला, ढवळा आणि पळीपळीने अर्धं अर्धं करा, त्यात काय एवढं. किती साधी गोष्ट होती ती. पण ढवळायचं कोणी? मोठमायच्या हातची पळी मडक्यात शिरलेली आईला चालेना, आईच्या हातची मोठमायला चालेना. एकीने ढवळलं तर ती काहीतरी करणी करील, असं दुसरीने भर पंचांत बोलून दाखवलं. शेवटी मोठमाय म्हणाली, मी थोरली, मला वरचं द्या. तिचा हिशोब असा की दुधावर साय वर येते, वरणावर तूप वर तरंगतं, म्हणजे सार असतं ते वर. आई खाली मान घालून म्हणाली, बरं, खालचं मला. तिचा हिशोब असा की आमटीत डाळ खाली बसते, रांजणात थंड पाणी तळाला असतं, म्हणजे सार असतं ते खाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींच्याही तोंडावर तेच हसू होतं. कशी फसवली.

पंचांनी पानसुपारी घेतली. मोठमायने वरचं लाल पाणी आपल्या घागरीत ओतून घेतलं. ओतून. आजी असती तर तिने तिथेच कपाळ आपटलं असतं. तळाचा घट्ट गाळ मडक्यासकट आमच्याकडे आला.

आमचा गाळ आठवड्याभरात काळा पडला. आईने पेज घातली, मीठ घातलं, मडकं उन्हात फिरवलं, देवाला नारळ बोलली. एका सकाळी फडकं सोडलं तर आत वळवळ. आईने ते मडकं पदराखाली झाकून उकिरड्यावर नेलं आणि परतल्यावर दारातच माझा दंड धरला. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. भाऊसुद्धा घरात नव्हते.

"कोनले सांगशी ते जीभ वढी टाकसू," ती म्हणाली. एवढंच. मारलं नाही, रडली नाही. जीभ ओढून काढीन म्हणाली आणि चिंच भिजत घालायला बसली.

चिंच, कैरीचा कीस, भाजलेला जवळा, लसूण, मिरची आणि मीठ. असा आमचा नवा खार तयार झाला. वास बराचसा तोच. चव पहिल्या घासाला तीच, दुसऱ्या घासाला नुसती चिंच. नवं मडकं आईने जुन्यासारखं काळं दिसावं म्हणून चुलीच्या धुरात धरलं आणि फडकं बांधून जिनासमोर नेऊन ठेवलं. समोर, रस्त्याच्या पलीकडे, मोठमायने आपली कढई मांडली होती. तीही घागर घेऊन बसली होती, तोंडाला फडकं बांधून.

मग दोन महिने रस्त्याच्या दोन बाजूंनी जी शिवीगाळ चालली तिच्यात जळगावकरांची चांगली करमणूक झाली. आई ओरडायची, मूळ माझ्याकडे. मोठमाय ओरडायची, तळाचा गाळ मूळ कधीपासून झाला. आई म्हणायची, वरचं पाणी शेवाळाचं असतं. मधून बैलगाडी गेली की दोघी थांबायच्या आणि गाडी पुढे सरकली की तिथूनच पुढे. माणसं भजी खातखात ऐकायची. गिऱ्हाइकांचे दोन तट पडले. जिनातले मजूर आमचे, स्टेशनवरचे हमाल त्यांचे. खार कोणाचा खरा यावर मारामारीची वेळ यायची.

त्यात तो मुकादम. जिनातून निवृत्त झालेला, सगळे त्याला नाना म्हणायचे, आणि खाराचा पारखी अशी त्याची ख्याती. आजीच्या हातचा खार त्याने वर्षानुवर्षं खाल्लेला. तो आमच्या कढईपाशी आला, बोटावर खार घेतला, डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, हेच ते. म्हातारीचा हात. मी कांदे फोडत होते. त्या मिटल्या डोळ्यांवर तो कांदा फेकून मारावा असं मला वाटलं. आजन्म जीभ चाटत फिरलेल्या माणसाला चिंच कळली नाही. आणि नंतर कळलं की त्याच संध्याकाळी त्याने पलीकडे जाऊन मोठमायच्या खारालाही तसंच डोळे मिटून शाबासकी दिली होती. अशा पारख्यांच्या भरवशावर जगात किती खोटी मडकी तरली असतील देव जाणे.

या सगळ्यात माझं जे गेलं त्याची पंचांपुढे चर्चा झाली नाही. मोठमायची मुलगी सोनी माझ्याएवढीच. आम्ही एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो, एकीचा ताप दुसरीला लागायचा. वाटणीच्या दिवसापासून आम्हाला बोलायची बंदी झाली. समोरच्या खोलीतून ती खोकली तरी मला ऐकू यायचं आणि मी हाक मारू शकत नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, दुपारभर गाणी म्हणतात. आमच्या गल्लीतल्या लिंबाच्या एकाच फांदीला दरवर्षी आमचा झोका असायचा. त्या वर्षी दोन दोर लागले. सोनी तिच्या झोक्यावर, मी माझ्या. एकमेकींकडे पाठ करून झोका घ्यायचा म्हणजे किती कसरत करावी लागते, ते आम्ही त्या आखाजीला शिकलो. गाणंही अर्धं ती म्हणायची आणि अर्धं मी, आणि दोघींच्या आया आपापल्या दारात उभ्या राहून डोळे वटारायच्या.

आखाजी झाली आणि सोनीचं लग्न ठरलं. भुसावळच्या पुढे तापीकाठचं स्थळ, घरात होड्या, जाळी, खाऊन पिऊन सुखी. आमच्या घराण्यात लेक सासरी निघाली की तिच्या हातात एक नवं बोळकं देतात आणि त्यात पळीभर मूळ. आजीनेही आपल्या माहेरचं मूळ असंच आणलं होतं. ती समुद्राकाठची. आजोबा रेल्वेचा रस्ता टाकायला तिकडे गेले आणि बायको घेऊन परतले. तिच्या मांडीवर बोळकं होतं, एवढीच तिची वरदक्षिणा. या घरच्या मुलीकडे मूळ मागायचं असतं हे सोनीच्या सासरच्यांना पक्कं माहीत होतं. सोयरीक बोलताना सासूने खाराची आठवण दोनदा काढली. हसत हसत काढली, पण काढली.

लग्न तोंडावर आलं तेव्हा एका भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, मोठमाय आमच्या दारात येऊन उभी राहिली. वाटणीनंतर तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आताही ओलांडला नाही. डोक्यावर पदर, तोंड उन्हाने की कशाने लाल झालेलं. मी चुलीपाशी जवळा भाजत होते. आई चिंच कोळत होती. तिने परात चटकन पाठीमागे सरकवली.

मोठमाय पायाच्या अंगठ्याने उंबऱ्याबाहेरची माती उकरत राहिली. रस्त्यापलीकडून जिला ऐकत आलो ती ही बाई नव्हेच, असं मला वाटलं. मग म्हणाली, "मनं मरी गयं. वाटनी झायी आन लगेच मरी गयं. बुरशी. मी कोनले सांगं नही." मोठमायने दाराच्या चौकटीला हात टेकला. "सोनी रिकामा हाते जाई. पळीभर दे, बस. मी तुना पाया पडस."

मी जवळा भाजायचं थांबले. आता आई उठेल असं मला खरोखर वाटलं. उठेल, परात पुढे करील, म्हणेल बघ, माझंही मेलं, दोघी सारख्याच मूर्ख. मग दोघी हसतील किंवा रडतील किंवा एकमेकींना दोष देत बसतील, पण ते भांडण माणसांचं असेल. सोनी आणि मी पुन्हा एका ताटात जेवू. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य आईच्या ओठांशी आलेलं मी पाहिलं. शपथेवर सांगते, आलं होतं.

मग आईने हाताला लागलेला चिंचेचा कोळ लुगड्याला पुसला आणि मान वर केली.

"मनाजोडे शे," ती म्हणाली. "पन तुले देवाव नही."

माझ्यापाशी आहे, पण तुला देणार नाही. वाईट म्हणवून घ्यायला आई तयार झाली, पण रिकामी म्हणवून घ्यायला नाही. मोठमायने तळतळाट दिला नाही, निदान तेव्हा तरी. पदर सावरून ती परत गेली आणि आमच्या भिंतीपलीकडे तिच्या दाराची कडी वाजली. आईने परात पुढे ओढली. मला म्हणाली, जवळा करपतोय.

तळतळाट दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. मोठमायने कढई मांडली नाही, पण अख्ख्या बाजारात फिरून ती सांगत सुटली, की धाकटीकडे म्हातारीचं मूळ आहे, मडकंभर आहे, आणि सख्ख्या पुतणीला पळीभर देत नाही. सांगताना रडायची, शिव्या द्यायची, छाती बडवायची. लोकांनी काय ऐकलं? लोकांनी ऐकलं, की मूळ धाकटीकडे आहे. खुद्द वैरीण सांगते म्हटल्यावर शंका कसली. जिनासमोर आमच्या कढईला पाय ठेवायला जागा उरेना. हमालही आमच्याकडे आले. खाताना आईला नावं ठेवायचे आणि वर थोडा खार आणखी मागायचे.

लग्नाला आई गेली नाही. भाऊ गेले, माझा हात धरून. दुपारच्या गाडीने वऱ्हाड भुसावळकडे निघालं तेव्हा फलाटावर उन्हाने डोळे उघडवत नव्हते. सोनी हळदीने पिवळी, नव्या लुगड्यात बावरलेली, आणि तिच्या मांडीवर एक नवं बोळकं. तोंडाला लाल फडकं घट्ट बांधलेलं. शेजारी तिची सासू, त्या बोळक्याकडे कौतुकाने बघत. पुढे ते उघडल्यावर सोनीच्या वाट्याला काय आलं हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही.

मी खिडकीशी गेले. मला वाटलं, निदान हात हातात घेईल. सोनीने बोळकं छातीशी ओढून घेतलं, जणू मी तेही काढून नेईन.

"तुमनं मडकं तुमले लखलाभ," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

तिच्या बोळक्यात काही नाही हे मला माहीत होतं. आमच्या मडक्यात काही नाही हे तिला माहीत नव्हतं. तोंड उघडावं तर सासूच्या देखत तिचंच बोळकं उघडं पडलं असतं. गाडी हलली आणि भाऊंनी मला मागे ओढलं.

आता ती भुसावळकडे असते, मी धुळ्याला. कुठल्या लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ती मला बघून पंगत बदलते. जे आमच्याकडे नव्हतंच, ते दिलं नाही म्हणून ती इतकी वर्षं डूख धरून आहे. आईला हे मी सांगितलं, की सोनीला अजून तेच वाटतं. आई अजून जिनासमोर बसते. भजी झाऱ्याने हलवत म्हणाली, वाटू दे. त्याच्यावर तर दुकान चाललंय.